आठव्या मजल्यावरची दोरी

नागपुरातून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच आहे. त्यामुळे आमच्या दुकानावरची 'वादळी दारं-खिडक्या बसवणे व दुरुस्ती' ही पाटी वाचून माणूस स्कूटर थांबवतो, हसतो आणि विचारतो, "काहून वं काकू, इथं कोणतं वादळ येऊन राहिलं?" मी म्हणते, बस बाबा, चहा घे. मे महिना येऊ दे, मग बोलू.

मे महिन्यात तोच माणूस फोन करतो. दिवसभर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मग दुपार कलताना पश्चिमेकडचं आभाळ मातकट होतं, कडुनिंब एकदम गप्प होतात, आणि बघता बघता टिनाचे पत्रे, फ्लेक्सचे बोर्ड, कुंड्या, चादरी, सगळं गाव हवेत. वर गारा आल्या तर विचारूच नका. वादळ थोड्या वेळात आपल्या वाटेनं निघून जातं आणि मागे जे ठेवून जातं, त्यावर आमचा संसार चालला. वादळाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ म्हणूनच जरा जड होते.

मी मूळची विणकराच्या घरची. वडिलांचा माग होता, लहानपणी मी त्यावरच्या कांड्या भरल्या आहेत. माग गेला आणि भाऊ नोकऱ्यांना लागले. माझं लग्न काचेच्या दुकानात काम करणाऱ्या वसंतरावांशी झालं. पुढे यांनी स्वतःचं दुकान टाकलं. मी आधी नुसती गल्ल्यावर बसायची. मग लक्षात आलं की भर दुपारी घरात एकट्या बाईला अनोळखी गडी मापं घ्यायला आलेला आवडत नाही. ती दार अर्धवटच उघडते आणि मापं घाईत चुकतात. म्हणून टेप घेऊन मी जायला लागले. आधी मापं, मग फिटिंग, मग दुरुस्ती. "तू शिडीवर, मी खाली. लोक काय म्हणतील?" असं हे म्हणायचे. मी म्हणायची, शिडी नीट धरा, म्हणजे लोकांना काही म्हणायची वेळ येणार नाही.

या धंद्यातली सगळी गोम एका वाक्यात सांगते. वादळी काच न फुटणारी नसते. ती फुटते, पण सोडत नाही. साधी काच फुटली की तिचे सुरे होतात. टफन काच, म्हणजे भट्टीत कडक केलेली, फुटली की खडीसाखर होते, लागत नाही, पण खिडकीला भगदाड पडतं आणि वारा घरात. वादळी काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिवट प्लास्टिकचा पातळ थर, पुरणाच्या पोळीत पुरण असतं तसा. वरून दगड बसला तर काच तडकेल, जाळंच जाळं होईल, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतील. आता नुसती काच चांगली असून भागत नाही. चौकट भिंतीत खोल गेलेल्या बोल्टांनी धरलेली पाहिजे. कुलूप एका कडीचं नाही, वर-खाली-मध्ये आकडे टाकणारं पाहिजे. कडेचं रबर अंगासरशी बसलेलं पाहिजे. यातलं एक चुकलं की बाकी सगळं पाण्यात.

आणि चुकवायला आमची गिऱ्हाइकं बसलेलीच असतात. धरमपेठेतल्या एका साहेबांनी बेडरूमला अशी झकास खिडकी करून घेतली. पाहुणे आले की स्वतः बोटाच्या पेरानं ठकठक करून दाखवायचे. पहिल्याच वादळात बेडरूमभर चिखल. मी धावत गेले. पाहते तर खिडकीचा एक पल्ला काढून पलंगाखाली ठेवलेला, त्या जागेत कूलर बसवलेला, आणि कूलरच्या कडेची फट थर्माकोल नि जुन्या कॅलेंडरनं बुजवलेली. कूलर पलंगावर आडवा, त्यातलं सगळं पाणी गादीत. साहेब मला म्हणाले, "ताई, तुमची खिडकी काही टिकली नाही." मी पलंगाखालून पल्ला ओढून काढला आणि म्हटलं, "साहेब, ही काय टिकली. एक ओरखडाही नाही." त्यांच्या बायकोला इतकं हसू आलं की ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. साहेबही हसले शेवटी. कूलरशिवाय नागपूरचा उन्हाळा निघत नाही, हे मलाही कळतं. त्यानंतर मी माप घ्यायला गेले की पहिला प्रश्न हाच विचारते, कूलर कुठे लावता? गिऱ्हाईक म्हणतं, बाई खिडकीला आली की कूलरला?

दुसरी एक गंमत सांगते, मग मुख्य गोष्टीकडे येते. दार बसवून झालं की मी ते घट्ट लावते, उदबत्ती पेटवते आणि चौकटीच्या कडेकडेनं फिरवते. धूर सरळ वर गेला तर रबर नीट बसलंय. कुठे थरथरला तर तिथे फट आहे. यांच्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती, साधी आणि खात्रीची. पण लोकांना वाटतं, बाई दाराची पूजा करून राहिली. मी उदबत्ती पेटवली की घरातल्या मावशी-काकू डोक्यावर पदर घेतात, कोणी हळदीकुंकू आणतं, एकदा तर एकीनं नारळही फोडला, तोही माझ्या नव्या चौकटीवर. सुरुवातीला मी समजावून सांगायची. पुढे सोडून दिलं. खाली बसून प्रसादही खायला लागले.

गिरजामावशींची आणि माझी ओळख या उदबत्तीवरच पक्की झाली.

मावशी कुहीकडच्या. धानाची शेती, टिनाच्या छपराचं घर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा प्रमोद इथे नागपुरात नोकरीला, उंच इमारतीत आठव्या मजल्यावर घर. त्याची बायको स्वाती नर्स, तिच्या ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या. मुलगी ओवी दुसरीत. प्रमोद दुकानात आला तोच हात जोडून. म्हणाला, "काकू, आई मागच्या पावसाळ्यात विहिरीजवळ पडली. संध्याकाळपर्यंत तिथंच. कोणाले मालूमच नाही. बळंबळंच इथं आणलं तिले. ती म्हणते, एक उन्हाळा राहून पाहतो. वारं सुटल्यावर जिवाले घोर लागला तर मी माह्या घरी जाईन. आता बाल्कनीचं दार वाऱ्यानं वाजते, ती रात्रभर दाराकडे पाहत बसते. काही करा."

बाल्कनीचं ते दार बिल्डरनं लावलेलं, ढिलं. हलक्या वाऱ्यातही दात वाजवायचं. मी म्हटलं, हे काढू आणि वादळी दार बसवू. प्रमोद लगेच तयार झाला. तयार नव्हत्या त्या मावशी. मी माप घेत होते, त्या दिवाणावर बसून माझे हात न्याहाळत होत्या. बारीक अंगाच्या, पण मनगटं शेतावरची.

"तू लावते हे दार?"

"हो मावशी. मी मंदा."

"बाईमाणूस?"

"बाईमाणूसच."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पण मंदे, दार वाऱ्याले धरत नसते. माणसं धरतात."

मग त्यांनी सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांच्या कुहीच्या घराच्या मधल्या आढ्याला एक जाड दोरी कायम बांधलेली असायची. उन्हाळ्यात वारं सुटलं आणि टिनं कुरकुरायला लागली की घरातली सगळी माणसं दोरीला लोंबकळायची. सासरा, नवरा, जावा, पोरं, शेजारचा आला असेल तर शेजारचाही. छप्पर वर उठायला बघायचं आणि ही सगळी माणसं त्याला खाली ओढून धरायची. "पाय जमिनीवरून सुटायचे माह्या सासऱ्याचे," मावशी म्हणाल्या, "आणि तो वरूनच ओरडे, धरा रे. आम्ही पोट धरून हसून राहिलो आणि दोरी बी धरून राहिलो." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, या बाईला वादळाची भीती नाहीच. दुसरंच काहीतरी आहे. पण मापं घेताना माणूस फार खोलात जात नाही.

दार बसलं. मी उदबत्ती फिरवली. मावशींनी पदर घेतला, चौकटीला हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले. धूर कसा सरळ वर गेला. मी त्यांना हँडल फिरवून दाखवलं. वर केलं की आकडे चौकटीत जातात आणि कुलूप बसतं, खाली केलं की उघडतं. ओवीनं सतरा वेळा करून पाहिलं. मावशींनी एकदाही हात लावला नाही. म्हणाल्या, "निघणार नाही म्हणते तू?" मी म्हटलं, "मावशी, हे दार निघालं तर मी धंदा बंद करीन." यांनी मागून माझी साडी ओढली. असं बोलू नये गिऱ्हाइकाजवळ, हे त्यांचं नेहमीचं.

वादळ आलं ते मेच्या शेवटाला, आणि काय आलं. आमच्या गल्लीतला गुलमोहर मुळासकट आडवा झाला. आम्ही दोघं दुकानाच्या शटरला पाठ लावून आत उभे होतो. बाहेर शांत व्हायला लागलं तोच फोन. प्रमोद ऑफिसात अडकलेला, स्वाती ड्युटीवर. घरी मावशी आणि ओवी. शेजारणीनं त्याला कळवलं होतं की काहीतरी जोरात आदळलं, आणि आजी दारापाशी खाली बसली आहे. "काकू, तुम्ही जवळ आहात, जरा पाहता का," एवढंच तो म्हणाला.

हत्यारांची पिशवी उचलून आम्ही निघालो. रस्त्यात फांद्या, तारा. यांचा गुडघा तेव्हापासूनच कुरकुरायला लागला होता, आणि त्या इमारतीत लाइट गेलेली. लिफ्ट बंद. आठ मजले. चढताना मी मनात दाराशी बोलत होते. अरे बाबा, राहा जागेवर, तिथे ती पोर आहे, ती म्हातारी आहे, माझा धंदा राहू दे बाजूला. खरं सांगते, इतकी घाबरले मी कधी शिडीवरही नाही.

घराचं दार शेजारणीनं उघडून ठेवलं होतं. आत गेले. बाल्कनीच्या दाराची सगळी काच पांढरी. वरपासून खालपर्यंत जाळं. आणि दार जागेवर. चौकट जागेवर. जमिनीवर काचेचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. बाल्कनीत समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं मोठं काळं झाकण पडलेलं. ते उडत येऊन काचेच्या मधोमध बसलं होतं. मी भिंतीला टेकले. हसू आणि रडू एकदमच आलं. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना एवढंच सुचतं.

मावशी खाली बसलेल्या होत्या, पाय पसरून. ओवी त्यांच्या मांडीवर. मावशींच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला आमच्या दाराचं हँडल. पूर्ण उपटलेलं.

झालं होतं ते असं. आभाळ मातकट झालेलं पाहून मावशींनी पेटीतून दोरी काढली. कुहीच्या घरचीच दोरी, सोबत आणलेली, मुलाला न सांगता. तिचं एक टोक हँडलला बांधलं, दुसरं दिवाणाच्या पायाला. आणि वारं आदळल्यावर दोरी दोन्ही हातांनी खाली ओढून धरली, जशी आयुष्यभर धरली तशी. आता आमचं हँडल खाली ओढलं की काय होतं? कुलूप उघडतं. मावशी जीव तोडून दार उघडत होत्या. नशीब की हँडलचा खिळा आधी तुटला आणि आकडे आत तसेच राहिले. यांनी ते पाहिलं आणि मान खाली घालून हसायला लागले, आवाज न करता. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान वर केली नाही.

थोड्या वेळानं प्रमोद आला, धापा टाकत. आईला, पोरीला चाचपून पाहिलं, आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर आईवरच चिडला. माणसाचं असंच असतं. "आई, हे काय करून राहिली होतीस? दोरी कोणी बांधते का दाराले? हँडल तोडून ठेवलं. काही झालं असतं म्हणजे?" खालून समोरच्या इमारतीचा चौकीदार वर आला आणि दारात उभा राहून विचारता झाला, "भाऊ, आमचं झाकण इकडं आलं काय?" हे ऐकून ओवी खिदळली, पण मावशी हसल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि आपली पिशवी भरायला लागल्या. लुगडी, चष्मा, देवाचा डबा. प्रमोदनं हे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

तो बाहेर येऊन मला म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा तिले. तुमचं ऐकन ती. ती एकटी गेली तर मले इथं झोप नाही, हिले बी झोप नाही." त्यानं ओवीकडे मान केली.

मी आत गेले. काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. दारानं धरलं म्हणावं, तर म्हातारीनं जीव लावून धरलं त्याची किंमत शून्य, शिवाय ती उघडत होती हे उघडं पडणार. तुम्हीच धरलं म्हणावं, तर ती म्हणणार, मग पुढच्या वेळेला कोण धरेल, माझे हात थकले. आणि माझ्या दाराबद्दल खोटं बोलणं मला जमत नाही. तेवढा एक माज आहे मला.

मावशी पिशवीची गाठ मारत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "खरं सांगजो, मंदे. कोणं धरलं?"

"दारानं, मावशी," मी म्हटलं. "तुमच्या दोरीनं नुसतं हँडल गेलं."

मला वाटलं आता संपलं. पण मावशींनी मान हलवली.

"मले का समजत नाही? हँडल हातात आलं आणि मी धपकन खाली बसली. दोरी माह्या हातात, हँडल माह्या हातात, आणि दार तिथं उभंच. मग झाकण आदळलं. तरी उभंच. मी पाहून राहिली ना. चांगलं दार हाय तुहं."

"मग जाता काहून, मावशी?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "पाय, कुहीत वारं आलं की मले काम राहते. गोठा पाहा, दोरी धरा, शेजारची म्हातारी एकटी असते, तिले हाक मारा. इथं वारं आलं की काय करू? दार त्याचं काम करते. प्रमोद फोनवर. मी खुर्चीवर बसून राहू? वारं सुटल्यावर माणसाले काही तरी धराले लागते, मंदे. रिकाम्या हातानं मले भेव वाटते."

हेच ते दुसरं काहीतरी. मापं घेताना मी जे सोडून दिलं होतं ते. मी त्यांच्या शेजारी पलंगावरच बसले. माझ्या वडिलांचा माग विकला त्यानंतर ते संध्याकाळी ओसरीवर बसून नुसते बोटं हलवत राहायचे. आई म्हणायची, धागा शोधतात. ते एकदम डोळ्यांपुढे आलं. तेव्हा त्यांच्या हातात काही द्यायचं मला सुचलं नाही, वयच नव्हतं. आता सुचलं.

मी बाहेर आले आणि यांना म्हटलं, "ड्रिल आणलंय ना?"

"लाइट नाही," हे म्हणाले.

"बॅटरीचं."

"ते हाय. पण काहून?"

मी हॉलमधल्या खांबावर थाप मारली. दाराच्या बाजूलाच इमारतीचा सिमेंटचा खांब, वरून आडवी तुळई. आम्ही चौकटी ज्या जाड बोल्टांनी भिंतीत बसवतो, तसला एक बोल्ट पिशवीतून काढला, टोकाला कडी असलेला. तुळईच्या खाली, दाराच्या जवळ, पण दाराला अजिबात न लागता. हे शेजारणीकडून आणलेल्या शिडीवर चढायला लागले, मी त्यांचा गुडघा आठवून त्यांना खाली ओढलं आणि स्वतः चढले. भोक पाडलं, बोल्ट ठोकला, कडी आवळली, आणि कडीला स्वतः लोंबकळून पाहिलं. प्रमोद आ वासून पाहत होता. घराचं नवंकोरं छत. म्हणाला, "काकू, हे काय करून राहिल्या?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

मग मावशींना हाक मारली. "मावशी, दोरी आणा. दाराचं काम दाराले करू द्या. हे तुमचं."

त्या आल्या, पिशवी हातात तशीच. वर कडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पिशवी दिवाणावर ठेवली, दोरी उलगडली आणि माझ्या हातात न देता म्हणाल्या, "तुले गाठ येणार नाही. शिडी धर." पंच्याहत्तरीच्या पुढची बाई दोन पायऱ्या चढली. प्रमोदनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. कुहीच्या आढ्याची गाठ त्यांनी नागपूरच्या तुळईला मारली. खाली उतरल्या, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि अंगाचा भार टाकून ओढली. कडी हलली नाही.

"हं," मावशी म्हणाल्या. एवढंच.

ओवी लगेच खाली लोंबकळली आणि पाय वर घेऊन ओरडली, "धरा रे." तिला आजीनं ती गोष्ट कितीदा सांगितली असेल कोणास ठाऊक. मावशी पहिल्यांदा हसल्या. पोट धरून हसल्या. आणि मग आम्ही सगळेच, यांनी पकडीनं दार उघडून काढून दिलेलं झाकण डोक्यावर घेऊन तो चौकीदार जाता जाता दारात थांबला होता, तोसुद्धा.

काच कारखान्यातून यायला वेळ लागतो. तोवर तडकलेल्या काचेवर मी जाड फिल्म चिकटवून दिली. मावशी रोज येताजाता त्या जाळ्यावरून हात फिरवायच्या. "पोटातून फुटली, पण पडली नाही," आलेल्या प्रत्येकाला दाखवायच्या. नवी काच बसवायला गेले त्या दिवशी जुनी काढायला त्या तयारच नव्हत्या. मी म्हटलं, मावशी, हिचं काम झालं, आता हिला निवृत्त होऊ द्या. "तू झाली का निवृत्त?" त्यांनी विचारलं. मी पट्ट्या काढायला लागले. नवं हँडलही लावलं, जरा मजबूत. उदबत्ती पेटवली, तेव्हा मावशींनी पदर घेतला नाही. धुराकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "खालच्या कोपऱ्यात जरासा हलून राहिला." खरंच हलत होता. रबर पुन्हा बसवावं लागलं. एवढी वर्षं काम करून माझी चूक काढणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटलं.

स्वातीच्या मैत्रिणी येतात आणि हॉलमध्ये लोंबणारी दोरी पाहून विचारतात, झोका लावायचाय का? स्वाती म्हणते, नाही, सासूबाईंची आहे. आधी तिला ते बरं दिसायचं नाही. आता ड्युटीवरून दमून आली की तीच दोरीला हात धरून खांदे ताणते. पिशवी त्या दिवशी दिवाणावर ठेवलेली, ती दुसऱ्या दिवशी मावशींनी आपल्या हातानं रिकामी केली. कुहीला त्या अधूनमधून जातात, धानाच्या वेळी, आणि परत येतात.

आता मी शिडीवर फारशी चढत नाही. दुकान पुतण्या पाहतो, चांगलं पाहतो. कूलर कुठे लावता, हेही विचारतो. मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. जुनी चौकट दुरुस्त करून घेणारी माणसं कमी झाली. काही झालं की काढा आणि नवीन बसवा. दुरुस्ती करायला माणसाला घरात बसावं लागतं, घरच्यांचं बोलणं ऐकावं लागतं. आणि त्यातलं अर्धं काम दाराचं नसतंच.

गेल्या मेमध्ये पुन्हा आभाळ मातकट झालं. मी दुकानात होते. वारं सुटलं तसा मी आठव्या मजल्यावर फोन लावला. आधी बराच वेळ कोणी उचलेना. मग उचलला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, ओवीचं खिदळणं, आणि प्रमोदचाही आवाज, "आई, मी बी धरतो." ओवीनं फोन बहुधा आजीच्या कानाला लावला असावा.

"मावशी," मी ओरडले, "दार ठीक आहे ना?"

"दार ठीक हाय," मावशी म्हणाल्या. "फोन ठेव वं, मंदे. मले दोन्ही हात लागून राहिले."